रेमंड स्कॉट

रेमंड स्कॉट (मूळ नाव: हॅरी वॉर्नो, १० सप्टेंबर १९०८ – ८ फेब्रुवारी १९९४) हे अमेरिकन संगीतकार, पियानोवादक, वाद्यवृंद संचालक आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांचे संशोधक होते. १९३० च्या दशकात त्यांच्या 'क्विंटेट' या वादकसंचाने मोठी लोकप्रियता मिळवली. त्यांच्या अनेक रचना पुढे वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनपटांमधून जगभर पोहोचल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी स्वतःच्या कार्यशाळेत क्लॅव्हिव्हॉक्स हे कळफलकवाद्य, स्वरक्रम आपोआप वाजवणारे सीक्वेन्सर आणि इलेक्ट्रोनियम हे संगीतरचना करणारे यंत्र तयार केले. आजच्या संगणकयुक्त कळफलकांमध्ये स्वरनिर्मिती, तालयंत्र, सीक्वेन्सर आणि रचनासाहाय्य या सोयी एकाच पेटीत असतात. या सर्व सोयींवर स्कॉट यांनी संगणक सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्याच्या कितीतरी आधी काम केले होते.

जन्म व शिक्षण

स्कॉट यांचा जन्म न्यू यॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात रशियातून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील हौशी व्हायोलिनवादक होते व त्यांचे वाद्यांचे दुकान होते. छिद्रांकित कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजणाऱ्या पियानोशी हॅरीची ओळख लहानपणीच झाली. त्याच्या खालीवर होणाऱ्या पट्ट्यांवर बोटे ठेवून तो वादन शिकला, असे सांगितले जाते. यंत्र आणि संगीत यांची ही सांगड पुढे त्यांच्या संपूर्ण आयुष्यात दिसते.

हॅरी यांना विद्युत यंत्रांची ओढ होती. ब्रुकलिन टेक्निकल हायस्कूलमधून शिक्षण पूर्ण केल्यावर अभियंता होण्याचा त्यांचा विचार होता. त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे बंधू मार्क वॉर्नो हे व्हायोलिनवादक व वाद्यवृंद संचालक होते. त्यांनी धाकट्या भावाला संगीताकडे वळवले, त्याच्यासाठी पियानो घेतला व शिक्षणाचा खर्चही उचलला. हॅरी यांनी न्यू यॉर्कमधील इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिकल आर्ट (पुढे ज्युलियार्ड स्कूलचा भाग) येथून १९३१ मध्ये पदवी घेतली.

रेडिओ आणि क्विंटेट

पदवीनंतर ते सीबीएस रेडिओच्या वाद्यवृंदात पियानोवादक म्हणून रुजू झाले. या वाद्यवृंदाचे संचालन मार्क वॉर्नो करीत असत. वाद्यवृंद हॅरी यांच्या रचना वाजवू लागला, तेव्हा भावाला झुकते माप दिल्याचा आरोप होऊ नये म्हणून त्यांनी 'रेमंड स्कॉट' हे नाव धारण केले. हे नाव त्यांनी दूरध्वनीच्या नोंदवहीतून निवडले, असे म्हटले जाते.

१९३६ च्या अखेरीस त्यांनी सीबीएसमधील सहकाऱ्यांना घेऊन 'रेमंड स्कॉट क्विंटेट' स्थापन केला. क्विंटेट म्हणजे पाच वादकांचा संच. प्रत्यक्षात मात्र यात सहा वादक होते. ड्रमवादक जॉनी विल्यम्स हे प्रसिद्ध चित्रपट संगीतकार जॉन विल्यम्स यांचे वडील होत. १९३७ पासून प्रसिद्ध झालेल्या 'पॉवरहाऊस', 'ट्वायलाइट इन टर्की' आणि 'द टॉय ट्रम्पेट' या रचना लोकप्रिय झाल्या. या संचाला हॉलिवूडच्या चित्रपटांतही स्थान मिळाले.

जॅझ संगीतात वादकाच्या उत्स्फूर्त विस्ताराला मोठे महत्त्व असते. स्कॉट यांची पद्धत याच्या नेमकी उलट होती. ते रचना कागदावर न लिहिता पियानोवर वाजवून दाखवत व वादकांकडून तोंडी पाठ करून घेत. तालमींचे ध्वनिमुद्रण करून ते पुन्हा पुन्हा ऐकत व त्यातील एखादी अनपेक्षित जागा आवडली तर ती रचनेत कायमची बसवत. एकदा रचना निश्चित झाली की तिच्यात वादकाने फेरफार केलेला त्यांना चालत नसे. यामुळे संचाचे वादन अत्यंत काटेकोर झाले. मात्र काही वादकांना ही शिस्त जाचक वाटे व अनेक जॅझ समीक्षकांनी या संगीताकडे कृत्रिम म्हणून पाहिले. माणसाकडून यंत्रासारखी अचूकता मागणारा हा संगीतकार पुढे यंत्राकडून माणसासारखी कल्पकता मागू लागला.

कार्टूनपटांतील संगीत

१९४३ मध्ये स्कॉट यांनी आपल्या रचनांचे प्रकाशनहक्क वॉर्नर ब्रदर्सला विकले. त्यामुळे या कंपनीचे संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांना त्या रचना कार्टूनपटांत वापरण्याची मोकळीक मिळाली. बग्ज बनी, डॅफी डक इत्यादी पात्रांच्या शंभराहून अधिक कार्टूनपटांत स्कॉट यांच्या चाली ऐकू येतात. 'पॉवरहाऊस'मधील ठाय लयीचा भाग कारखान्यातील सरकपट्टे व अजस्र यंत्रांच्या दृश्यांशी इतका जोडला गेला की, रचनाकाराचे नाव ठाऊक नसलेल्या प्रेक्षकांनाही ती चाल ओळखीची असते. स्कॉट यांनी स्वतः यांपैकी एकही रचना कार्टूनसाठी केलेली नव्हती.

वाद्यवृंद व दूरचित्रवाणी

१९३९ मध्ये स्कॉट यांनी आपल्या संचाचे मोठ्या वाद्यवृंदात रूपांतर केले. १९४२ मध्ये सीबीएसने संगीत संचालकपद दिल्यावर त्यांनी श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय वादकांना एकत्र बसवणारा वाद्यवृंद उभारला. त्या काळात अमेरिकेतील राष्ट्रीय रेडिओ वाहिन्यांवर असे वाद्यवृंद नसत. सॅक्सोफोनवादक बेन वेब्स्टर, ट्रम्पेटवादक चार्ली शेव्हर्स आणि ड्रमवादक कोझी कोल हे नामवंत कलावंत त्यात होते. १९४६ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या 'ल्यूट साँग' या संगीत नाटकासाठीही स्कॉट यांनी संगीत दिले.

१९४९ मध्ये मार्क वॉर्नो यांचे निधन झाले. ते संचालित करीत असलेल्या 'युवर हिट परेड' या लोकप्रिय कार्यक्रमाची धुरा स्कॉट यांच्याकडे आली. हा कार्यक्रम पुढे एनबीसी दूरचित्रवाणीवर गेला व स्कॉट १९५७ पर्यंत त्याच्याशी संबंधित राहिले. त्यातील गायिका डोरोथी कॉलिन्स यांच्याशी त्यांचा १९५२ मध्ये विवाह झाला. १९६४ मध्ये ते विभक्त झाले. हा स्कॉट यांचा दुसरा विवाह होता. त्यांनी १९६७ मध्ये तिसरा विवाह केला. आठवड्याला ठरावीक लोकप्रिय गीते वाजवण्यात स्कॉट यांना फारसा रस नव्हता. परंतु या कामातून मिळणारे भरघोस उत्पन्न त्यांनी आपल्या संशोधनात गुंतवले.

मॅनहॅटन रिसर्च

स्कॉट यांनी १९४६ मध्ये 'मॅनहॅटन रिसर्च' ही संस्था स्थापन केली. नवी इलेक्ट्रॉनिक वाद्ये व ध्वनियंत्रे तयार करणे हा तिचा उद्देश होता. सुरुवातीच्या यंत्रांपैकी एकाला त्यांनी भयपटांतील अभिनेते बोरिस कार्लोफ यांच्यावरून 'कार्लोफ' असे नाव दिले होते. जाहिराती व रेडिओसाठी लागणारे नाना प्रकारचे आवाज हे यंत्र निर्माण करीत असे. पुढे लाँग आयलंडमधील मॅनहॅसेट येथील प्रशस्त घरात स्कॉट यांनी ध्वनिमुद्रणाची व यंत्रजुळणीची सुसज्ज दालने उभारली.

क्लॅव्हिव्हॉक्स

१९५० च्या दशकाच्या मध्यास रॉबर्ट मूग हे तरुण विद्यार्थी वडिलांसोबत थेरेमिन ही वाद्ये तयार करून विकत असत. हाताच्या हालचालीने, स्पर्श न करता वाजणाऱ्या या वाद्यातून स्वर अखंडपणे वरखाली सरकतो. स्कॉट यांनी मूग यांच्याकडून थेरेमिन घेतले व काही काळाने त्यांना आपल्या कार्यशाळेत नेऊन त्याचा वेगळाच उपयोग दाखवला. त्यांनी ते एका कळफलकाला जोडले होते. हेच क्लॅव्हिव्हॉक्सचे प्राथमिक रूप होय.

पियानो किंवा हार्मोनियमवर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जाताना मधले स्वर वगळले जातात. गळ्यातून किंवा तंतुवाद्यातून निघणारी मींड त्यांवर येत नाही. तीन सप्तकांच्या क्लॅव्हिव्हॉक्सने ही मर्यादा ओलांडली. एक पट्टी दाबलेली असताना दुसरी दाबली की स्वर सलगपणे सरकत तेथे पोहोचे. त्यात कंप देण्याची व स्वराचा आरंभ तीव्र किंवा सौम्य करण्याचीही सोय होती. नंतरच्या आवृत्तीत थेरेमिनच्या मंडलाऐवजी प्रकाशझोत, विशिष्ट आकाराची फिल्म आणि प्रकाशसंवेदी घट यांची योजना केली गेली. या वाद्याच्या पेटंटसाठी १९५६ मध्ये अर्ज करण्यात आला व १९५९ मध्ये ते मंजूर झाले. मूग यांनी पुढे १९६४ मध्ये आपला सिंथेसायझर सादर केला आणि त्यांचे नाव या क्षेत्राचे प्रतीक बनले. आपल्या जडणघडणीवर स्कॉट यांचा प्रभाव असल्याचे त्यांनी जाहीरपणे मान्य केले होते.

सीक्वेन्सर आणि सर्कल मशीन

ठरवून दिलेला स्वरक्रम पुन्हा पुन्हा आपोआप वाजवणाऱ्या यंत्रणेला सीक्वेन्सर म्हणतात. आजचे बहुतांश इलेक्ट्रॉनिक संगीत याच तत्त्वावर आधारलेले आहे. स्कॉट यांचा आरंभीचा सीक्वेन्सर विद्युत-यांत्रिक होता. दूरध्वनी केंद्रात वापरतात तसे शेकडो रिले त्यांनी भिंतीलगतच्या मांडण्यांमध्ये बसवले होते. प्रत्येक टप्प्याला रिले सरकून पुढचे स्वरमंडल चालू करीत. कोणता स्वर, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने वाजावा हे आधीच जोडून ठेवता येई. यंत्र चालू झाले की त्याचा खडखडाट संपूर्ण खोलीत घुमत असे.

'सर्कल मशीन' ही याच कल्पनेची आटोपशीर आवृत्ती होती. यात दिवे वर्तुळाकार बसवलेले असत आणि प्रकाशसंवेदी घट असलेली एक भुजा त्यांवरून फिरत असे. प्रत्येक दिव्याची प्रखरता वेगळी ठेवता येई व तिच्यानुसार स्वराची उंची बदले. भुजेचा वेग वाढवला की लय वाढे. पुढे ट्रान्झिस्टर सुलभ झाल्यावर स्कॉट यांनी रिलेंची जागा इलेक्ट्रॉनिक मंडलांना दिली. तालवाद्यांचे ध्वनी निर्माण करणारे यंत्रही त्यांनी १९६० च्या दशकात बनवले.

जाहिराती व ध्वनिमुद्रिका

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून स्कॉट यांनी रेडिओ व दूरचित्रवाणीच्या अनेक जाहिरातींना इलेक्ट्रॉनिक संगीत दिले. त्या काळी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत तयार होणारे इलेक्ट्रॉनिक संगीत मोजक्या श्रोत्यांपुरते मर्यादित होते. स्कॉट यांच्या जाहिरातींमुळे तसे ध्वनी सामान्य अमेरिकन घरांत पोहोचले. 'मपेट्स'चे निर्माते जिम हेन्सन यांच्या काही लघुपटांनाही त्यांनी संगीत दिले. कार्यालयीन यंत्रांच्या प्रचारासाठी आयबीएम कंपनीने १९६७ मध्ये करवून घेतलेला 'द पेपरवर्क एक्स्प्लोजन' हा त्यांपैकी एक होय.

१९६४ मध्ये 'सूदिंग साउंड्स फॉर बेबी' हा तीन भागांचा ध्वनिमुद्रिका संच प्रसिद्ध झाला. गेझेल इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड डेव्हलपमेंट या संस्थेच्या सहकार्याने, अठरा महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या तीन वयोगटांसाठी तो तयार करण्यात आला होता. छोट्या स्वरावली दीर्घकाळ, अगदी हळूहळू बदलत वाजत राहतात, असे या संगीताचे स्वरूप आहे. त्या वेळी त्याला फारसे ग्राहक लाभले नाहीत. पुढील दशकांत नावारूपाला आलेल्या मिनिमल व अँबियंट संगीताशी त्याचे असलेले साम्य अभ्यासकांच्या नंतर लक्षात आले.

इलेक्ट्रोनियम

१९५९ च्या सुमारास स्कॉट यांनी इलेक्ट्रोनियमवर काम सुरू केले. हे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाकांक्षी यंत्र होते. त्यावर त्यांनी दशकाहून अधिक काळ व सुमारे दहा लाख डॉलर खर्च केल्याचे सांगितले जाते. संगीताची रचना व तिचे सादरीकरण एकाच वेळी करणारे यंत्र, असे त्याचे वर्णन करता येईल.

इलेक्ट्रोनियमला पियानोसारख्या पट्ट्या नव्हत्या. लाकडी कपाटात बसवलेल्या फलकावर बटणे, खटके व दिवे होते. चालक यंत्राकडे एखादी चाल मागे. यंत्र यादृच्छिक निवडीच्या साहाय्याने स्वरावली सुचवे. ती पसंत न पडल्यास दुसरी मागता येई. पसंत पडल्यास ती चढ्या पट्टीत नेणे, लय कमीजास्त करणे, ताल बदलणे, पुनरावृत्ती करणे किंवा तिला साथीचे स्वर जोडणे यांसाठी वेगवेगळे खटके होते. यंत्र अनेक स्वरपंक्ती एकाच वेळी वाजवू शके. संगीत कागदावर उतरवावे लागत नसे. ते थेट ध्वनिफितीवर मुद्रित होई.

इलेक्ट्रोनियम हा आजच्या अर्थाने संगणक नव्हता. संगणकात नियम आज्ञावलीच्या रूपाने साठवलेले असतात व ते बदलता येतात. इलेक्ट्रोनियममध्ये नियम तारांच्या जोडणीतच गुंफलेले होते. नवी कल्पना सुचली की मंडले उसकटून पुन्हा जोडावी लागत. त्यामुळे यंत्राला अंतिम रूप कधीच आले नाही. निर्णय मात्र अखेरपर्यंत माणसाच्या हाती राही. यंत्राने सुचवावे आणि संगीतकाराने निवडावे, ही स्कॉट यांना अभिप्रेत असलेली कामाची विभागणी होती.

मोटाउनमधील काळ

मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीचे संस्थापक बेरी गॉर्डी यांनी १९७० च्या सुमारास लाँग आयलंडवरील फार्मिंगडेल येथील स्कॉट यांच्या कार्यशाळेला भेट दिली व इलेक्ट्रोनियमची मागणी नोंदवली. त्यानंतर स्कॉट लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. मोटाउनने त्यांची इलेक्ट्रॉनिक संशोधन व विकास विभागाचे संचालक म्हणून नेमणूक केली. १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते या पदावर होते. या काळात ते इलेक्ट्रोनियममध्ये सतत सुधारणा करीत राहिले. मात्र मोटाउनने या यंत्रावर तयार केलेली एकही ध्वनिमुद्रिका बाजारात आणली नाही.

गोपनीयता आणि श्रेय

स्कॉट यांना आपल्या कल्पना चोरीला जाण्याची भीती वाटे. सहकारी व पुरवठादार यांच्याकडून ते गोपनीयतेची हमी घेत. त्यांनी आपल्या सीक्वेन्सरची जाहीर प्रात्यक्षिके टाळली. त्यांची बहुतेक यंत्रे एकेकच बनली व त्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले नाही. दुसरीकडे, मूग व डॉन बुखला यांनी १९६० च्या दशकात आपली वाद्ये संगीतकारांच्या हाती दिली, त्यांच्या सूचना ऐकल्या व त्यांनुसार वाद्ये सुधारली. परिणामी इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा विकास त्यांच्या वाटेने झाला आणि स्कॉट यांचे काम इतिहासाच्या कडेला राहिले. ज्या सावधगिरीने त्यांना आपले श्रेय राखायचे होते, तिच्यामुळेच ते श्रेय त्यांना हयातीत पुरेसे मिळाले नाही.

अखेरची वर्षे

निवृत्तीनंतर स्कॉट कॅलिफोर्नियातच राहिले. १९८० च्या दशकात मिडी प्रणाली आल्यानंतर त्यांनी तिच्या साहाय्याने काही रचना केल्या. १९८३ पासून प्रचारात आलेल्या या प्रणालीने निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये आणि संगणक परस्परांना जोडणे सोपे केले होते. खोलीभर यंत्रांनी जे काम होई, ते आता मेजावर मावणाऱ्या साधनांनी होऊ लागले होते. १९८७ मध्ये पक्षाघाताचा तीव्र झटका आल्यानंतर त्यांचे काम थांबले. ८ फेब्रुवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसमधील नॉर्थ हिल्स येथे वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुनर्शोध

स्कॉट यांच्या अखेरच्या वर्षांतच त्यांच्या संगीताकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. १९९२ मध्ये क्विंटेटच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे संकलन सीडीवर प्रसिद्ध झाले. २००० मध्ये 'मॅनहॅटन रिसर्च इन्कॉर्पोरेटेड' या संचातून त्यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत प्रथमच विस्तृतपणे श्रोत्यांसमोर आले. हिपहॉप निर्माते जे डिला यांनी २००६ च्या 'डोनट्स' या अल्बममध्ये स्कॉट यांच्या जाहिरात संगीताचा वापर केला. त्यांचे पुत्र स्टॅन वॉर्नो यांनी वडिलांच्या जीवनावर 'डिकन्स्ट्रक्टिंग डॅड' हा माहितीपट बनवला. स्कॉट यांच्या ध्वनिफितींचा संग्रह मिझुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठाच्या मार ध्वनिसंग्रहात जतन करण्यात आला आहे.

इलेक्ट्रोनियम बंद अवस्थेत पडून होते. १९९६ मध्ये 'डीव्हो' या संगीतसमूहाचे मार्क मदर्सबॉ यांनी ते स्कॉट यांच्या पत्नीकडून विकत घेतले. २०१९ मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्रातील कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक प्रदर्शनात जपानी कलावंत युरी सुझुकी यांनी इलेक्ट्रोनियमची आधुनिक प्रतिकृती सादर केली. स्कॉट यांनी तारांमध्ये गुंफलेले काम तीत संगणकाच्या आज्ञावलीकडून करवून घेतले होते.

संगणकयुक्त कळफलकांशी संबंध

संगणक आणि कळफलक यांचा मेळ घालणारे 'फेअरलाइट सीएमआय' हे वाद्य १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झाले. ध्वनीचे नमुने साठवणे व पडद्यावर स्वरक्रम लिहिणे त्यात शक्य होते. १९८८ च्या 'कॉर्ग एम-१'ने स्वरनिर्मिती, तालवाद्ये व सीक्वेन्सर एकाच कळफलकात आणून ही सोय सामान्य संगीतकारापर्यंत नेली. २००५ मध्ये आलेल्या 'कॉर्ग ओॲसिस' या कळफलकाच्या आत तर लिनक्सवर चालणारा पूर्ण संगणकच होता.

या वाद्यांची मंडले स्कॉट यांच्या यंत्रांपासून थेट उतरलेली नाहीत. ती स्वतंत्र तंत्रज्ञानातून घडली. परंतु एकाच व्यक्तीने एका जागी बसून चाल सुचवणे, तिला ताल व साथ जोडणे, ती बदलून पाहणे आणि लगेच मुद्रित करणे, ही कार्यपद्धती स्कॉट यांनी त्यांच्या आधी प्रत्यक्षात आणली होती. यंत्र रचना करू लागल्यावर संगीतकाराचे काम काय उरते, हा प्रश्नही त्यांच्या कामातून पुढे येतो. निवड व संस्करण हे त्यांनी त्याला दिलेले उत्तर होते.